पाटाखालचे पऱ्हे

गिरजाबाईनं वाफ्यातलं एक रोप धरून ओढलं, तर हाताला ओढच लागली नाही.

धानाची कोवळी रोपं, पऱ्हे, उपटायचे म्हणजे मनगटाला जरा झटका बसतो. मुळी चिखल सोडायला कुरकुरते. तिनं जन्मभर आपल्या आणि लोकांच्या धानाच्या बांध्यांसाठी पऱ्हे उपटले होते. ती ओढ तिच्या बोटांना पाठ होती. हे रोप मात्र दुखणाईताच्या डोक्यावरचा केस यावा तसं अलगद आलं. तिनं ते पाण्यात खंगाळलं आणि तळव्यावर घेतलं. रोपं लावायचा रोवणा तोंडावर आलेला, पऱ्हे एव्हाना वीतभर व्हायला पाहिजे होते, आणि हे जेमतेम बोटाएवढं. पानाचं टोक पिवळं, खाली काथाचे शिंतोडे उडावेत तसे तांबूस ठिपके. मुळी तर मुळीसारखी नव्हतीच. पांढऱ्या बारीक तंतूंचा झुपका असायचा तिथं आखूड, जाड, गंजलेल्या खिळ्यांसारखे तुकडे होते.

"अवो," तिनं हाक मारली, "इकडे या जरा."

तिचा नवरा लहानू बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभा राहून पाटाचं तोंड मोठं करत होता. त्यानं फावडा खाली ठेवला नाही.

"काय झालं?"

"पऱ्हे बसले. मुळ्याच नाई धरून राह्यल्या."

"पानी कमी पडून राह्यलं त्याइले," तो म्हणाला. "सोडतो ना आता."

आणि त्यानं आणखी पाणी सोडलं. पाटाचं पाणी वाफ्यात पसरलं. वर तेलासारखा पातळ तवंग होता, उन्हात तो निळा-जांभळा दिसे. गिरजाबाई ते बघत तशीच उकिडवी बसून राहिली. तिच्या गुडघ्यांना कळ लागली होती, पण उठून करायचं काय, ते तिला सुचत नव्हतं.

पळसटोल्याच्या वर, जंगलातल्या पहाडीवर खदान निघाली त्याला चार-पाच वर्षं झाली होती. खड्डा खोल गेला तसं खाली पाणी लागलं, आणि ते उपसून नाल्यात सोडायला खदानीनं पंप बसवले. सगळ्या गावानं ते पाणी वाया जाताना पाहिलं. लहानूनं मात्र ते आपल्या बांधीत यावं असं मनात घेतलं. नाला खाली, जमीन वर. लोक म्हणाले, पानी काय पहाड चढन? लहानू उन्हाळाभर नाल्याच्या काठानं काठी टेकत फिरला, वर जाऊन उताराची जागा हेरली आणि खोदायची लोखंडी सब्बल घेऊन मुरमात उतरला. मुलगा राजदीप सुटीच्या दिवशी जाई. गिरजाबाई घमेल्यानं मुरूम वाहून टाके. त्याच्या तळहातांची कातडी सोलून निघाली, पुन्हा आली, पुन्हा निघाली. पाट झाला. त्या साली पावसानं दगा दिला आणि आख्ख्या शिवारात लहानूच्याच बांध्या हिरव्या राहिल्या. ज्या लोकांनी त्याच्या बापाला तलावाच्या पाण्याची पाळी नेहमी सर्वांत शेवटी दिली, ते त्याच्या धुऱ्यावर येऊन उभे राहू लागले. 'जयभीम लहानूभाऊ' म्हणू लागले. खदानीच्या साहेबानं पाटाजवळ त्याला शाल दिली, फोटो काढला. गिरजाबाईनं नवऱ्याला इतकं ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या साली खालच्या बांधीतल्या लोंब्या पोचट निघाल्या. लहानू म्हणाला, कीड असन. यंदा मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. वरून थेंब नाही, म्हणून पऱ्हे पहिल्यापासून नुसत्या पाटाच्या पाण्यावर टाकले होते.

दुसऱ्या दिवशी लहानूनं युरिया आणून वाफ्यात फेकला. दोन-तीन दिवस पानं जराशी गडद वाटली. मग सगळा वाफा एकदमच बसला, भाजलेल्या गवतासारखा.

"बीच खराब होतं," लहानू म्हणाला.

"घरचंच तं धान होतं. वास घेऊन, पाखडून ठेवलं होतं म्या."

"मंग मी का खोटं बोलून राह्यलो?"

 सून रिना चुलीपाशी होती, तिनं भाकरीवरून मान वर केली नाही. तिला सातवा महिना होता. गिरजाबाईनं खायच्या धानातून पायलीभर काढलं, भिजवलं, गोणपाटात दाबून मोड आणले आणि दुसरा वाफा टाकला. मोड छान आले होते, पांढरेशुभ्र. वाफ्यावर हिरवी लव उठली तेव्हा लहानू सकाळी दोनदा जाऊन पाहून आला आणि जेवताना म्हणाला, "पाह्य, म्हनलो होतो ना? बीच खराब होतं."

आठ दिवसांत तीही लव थांबली. टोकं पिवळी पडली.

तोवर गावात ज्यांचे पऱ्हे बोडीच्या, शेतातल्या लहान तळ्याच्या, पाण्यावर होते त्यांचे रोवणे लागले. धुऱ्यापलीकडची जमीन वारलूची. त्याची बोडी लहानशी, पण गाळ काढलेली. चिखल करण्यापुरतं पाणी तिच्यात होतं. वारलूची बायको इतवारी रोवायला ये म्हणून सांगायला आली. गिरजाबाई दरसाल रोवणाऱ्या बायांच्या पुढं असे. आपल्या बांध्या आधी उरकून मग ती दुसऱ्यांकडं जाई. यंदा आपल्या बांध्या कोरड्या ठेवून ती परक्या चिखलात उतरली.

दिवसभर कंबर वाकवून मागं मागं सरकायचं. डोक्यावर ऊन, पोटऱ्यांपर्यंत कोमट चिखल. पायाच्या बोटांमधल्या चिखल्या दुपारपर्यंत सोलून निघत. गिरजाबाईनं पेंढी सोडली आणि रोपं हातात घेतली, तर त्यांच्या मुळ्या बोटांत गुंतल्या. लांब, पांढऱ्या, चिवट. ती क्षणभर थांबली. शेजारच्या बायांनी ते पाहिलं आणि उगाच दुसऱ्याच कुणाच्या लग्नाचा विषय काढला. त्यांची ती दया तिला चिखल्यांपेक्षा जास्त झोंबली.

संध्याकाळी पाय धुताना तिनं इतवारीला बाजूला घेतलं. बोलायचं काय ते तिनं दिवसभर मनात घोळवलं होतं, तरी शब्द नीट आले नाहीत.

"इतवारीबाई, रोवना झाल्यावर पऱ्हे उरले तं..."

"उरतीन," इतवारी म्हणाली. "ने ना. फेकाचेच राह्यते." मग तिनं पदराला हात पुसले आणि खाली पाहत बोलली, "पन एक सांगू का? राग नोको मानू. तुमच्या बांधीतलं पानी आमच्या कोन्यात उतरते. त्या कोन्यातलं धान मांगच्या साली लाल झालं. आमच्या मानसानं कोनाले सांगतलं नाई, लहानूभाऊले वाईट वाटन म्हनून. तेवढं पानी बंद करा. मंग पाह्यजे तेवढे पऱ्हे ने."

गिरजाबाईनं मान हलवली. घरी जाताना वाटेत तिला वाटलं, आपण पऱ्हे मागायला गेलो आणि लोकांचं नुकसान अंगावर घेऊन आलो. गेल्या साली वारलू दोनदा घरी येऊन काही न बोलता चहा पिऊन गेला होता. त्याचा अर्थ तिला आता लागला.

घरी तिनं सांगितलं तेव्हा लहानू बसल्या जागेवरून उठला.

"माह्या पाटाचं पानी खराब? दुस्काळात हेच पानी पाहाले येत होते ना सारे? तेव्हा नाई लाल झालं कोनाचं?"

"ओरडू नोका. पोरीले तरास होते."

"वारलूच्या डोक्यात आलं असन हे. पाट डोळ्यात सलते त्याच्या."

राजदीप खदानीवरून आला होता. तो पंपावरच रोजंदारीला होता. दारातल्या दगडावर बसून साबणानं हात घासत होता, पण बोटांच्या पेरांमधला तांबडा रंग जात नव्हता. गिरजाबाईनं तांब्यातून त्याच्या हातावर पाणी ओतलं.

"राजा, ते पंपाचं पानी कसं आहे रे?"

"कसं म्हंजे?"

"तुमी पेता का तिथी?"

राजदीप हसला. "ते कोन पेते, माय? जिभेले चरचरते. आमच्यासाठी टँकर येते. पंपाचे पाइप गंजून गंजून पडते, दर चार महिन्याले बदलवा लागते."

तो सहज बोलला. बोलून झाल्यावर त्यानं वर पाहिलं तर बाप दारात उभा होता.  तो खांद्यावरचा दुपट्टा झटकून बाहेर निघून गेला.

त्या आठवड्यात कृषी सहायक गावात आला होता. धनराज त्याचं नाव, नागभीडकडचा पोरगा, मोटारसायकलवर फिरे. गिरजाबाईनं त्याला रस्त्यात अडवून वाफ्यावर नेलं. लहानू आधीच तिथं होता.

"साहेब, युरिया कमी पडला ना?" त्यानं विचारलं.

धनराज चपला काढून वाफ्यात उतरला. त्यानं रोपं उपटली, मुळ्या चोळून पाहिल्या, पाटातलं पाणी बोटानं ढवळलं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काका, हे खताचं काम नाही दिसत. खदानीच्या पाण्यात धातू उतरते. लोखंड, तांबं, काय काय. नेमकं कोणतं आणि किती, ते तपासल्याबिगर मी सांगू नाही शकत."

"धातू असन तं बी उगवलंच नसतं," लहानू म्हणाला. "दोनी वक्ताले उगवलं. हिरवंगार."

"उगवते, काका. बी आपल्या पोटातल्या शिदोरीवर कोंब काढते. शिदोरी सरली की मुळीनं कमवाचं राह्यते. मुळीच जळाली तर वरचं पान किती दिवस तग धरन?" त्यानं मुळी लहानूच्या पुढं धरली. "हे पहा, मुळी वाढणंच सोडते. वरून लाल थर बसते. मग चिखलात खत असून खाता येत नाही, पाणी असून पिता येत नाही."

लहानूनं मुळी हातात घेतली नाही.

"घरी दोन घमेल्यांत पेरून पहा," धनराज म्हणाला. "माती एकच घ्या. एकाले बोरिंगचं पाणी, एकाले पाटाचं. आणि बाटलीभर पाणी द्या मले, तपासाले पाठवतो. खदानीच्या नावानं अर्ज केला तर पुढं काही..."

"अर्ज नोको," गिरजाबाई घाईनं म्हणाली. "पोरगा तिथीच आहे कामावर."

धनराजनं मान हलवली. त्यानं बाटली नेली. त्या बाटलीचं पुढं काय झालं ते कुणाला कळलं नाही. पावसाळा संपायच्या आत त्याची बदली झाली.

घमेली पडवीत ठेवली, एक खांबाच्या अलीकडं, एक पलीकडं. पाणी रिना घाले. दोन्हींत बी एकाच दिवशी फुटलं. दोन्हींत पानं सारखीच वर आली, आणि लहानूला जरा उसंत मिळाली. जाता-येता तो पलीकडच्या घमेल्यावर नजर टाकी. "एकसारखेच तं आहे," एकदा रिनाला म्हणालासुद्धा. रिना हो म्हणाली. मग बोरिंगच्या पाण्यावरची रोपं दर सकाळी थोडी उंच दिसू लागली आणि पाटाच्या पाण्यावरची होती तिथंच थांबली. एक दिवस टोकं पिवळी झाली. मग ठिपके आले.  त्या पडवीतून बाहेर जायचं तर दोन्ही घमेल्यांच्या मधूनच जावं लागे, आणि लहानू मान खाली घालून जाई.

शेवटी एका सकाळी गिरजाबाई अंगणात सडा टाकत होती तेव्हा तिनं पाहिलं, लहानू पडवीत बसलाय. त्यानं दोन्हींतलं एकेक रोप उपटून मांडीवर शेजारी शेजारी ठेवलं होतं. तो त्यांच्याकडं पाहत नव्हता. समोर भिंतीकडं पाहत होता. त्याचा खालचा ओठ दाताखाली होता, लहान पोर मार खाताना धरतं तसा.

ती जवळ गेली नाही. सडा संपला होता तरी रिकामी बादली हलवत राहिली.

चहा न घेताच त्यानं फावडा उचलला. ती मागोमाग निघाली. पाटाच्या तोंडाशी, नाल्याच्या वर, जिथं त्यानं पहिली सब्बल मारली होती तिथं तो उतरला आणि दगड टाकू लागला. खोदताना काढलेले दगड दोन्ही बाजूंना तसेच पडलेले होते, लांबून आणायची गरज नव्हती. पाणी दगडांमधून वाट काढून येतच होतं. तिनं मुरूम भरून दिला, त्यानं तो पायानं दाबला. मुरूम वाहून गेला. पुन्हा भरला. त्याच्या पोटऱ्या त्या पाण्यात तांबड्या झाल्या होत्या. दुपार चढली तेव्हा झाडीतून वारलू आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्यानं दोघांकडं पाहिलं, धोतर खोचलं आणि एक मोठा धोंडा लोटत आणला.

"तिकडून धर, भाऊ," वारलू म्हणाला.

लहानूनं धरला. त्या दोघांत त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. ऊन उतरायच्या सुमाराला पाटातलं पाणी थांबलं, आणि ओल्या मुरमावर तांबडा गाळ तेवढा चकाकत राहिला.

राजदीपला ते आवडलं नाही. "सुपरवायझर इचारून राह्यला, पाट काऊन बंद केला म्हनून," तो जेवताना म्हणाला. "म्या म्हनलो, फुटला. बाबा, कोनाले काई सांगत नोका बसू. तुमी बंद केला, झालं. माहं नाव तिथी लागून आहे." त्याची नजर रिनाकडं गेली आणि पुन्हा ताटाकडं आली.

"कोनाले सांगतो मी?" लहानू म्हणाला.

आश्लेषा नक्षत्रात दोन सरी आल्या. तेवढ्यावर वरच्या दोन बांध्या चिखलल्या. खालच्या, जिथं पाटाचं पाणी दोन सालं मुरलं होतं, त्या पडीत ठेवायचं ठरलं. इतवारीनं पऱ्हे दिले, उरलेलेच नाही तर चांगले निवडून दिले. पेंढ्या डोक्यावरून आणताना त्यांचं पाणी गिरजाबाईच्या मानेवरून पाठीत उतरत होतं. रोपं जून झाली होती, फुटवे कमी येणार हे तिला दिसत होतं. पण मुळ्या पांढऱ्या होत्या.

दोघं रोवायला लागली. लहानू कधी रोवणा करत नसे, ते बायांचं काम. यंदा मजूर लावायचे नव्हते म्हणून तोही वाकला. त्याच्या रांगा वाकड्या जात. ती त्या मागाहून सरळ करे.

तेव्हाच धुऱ्यावरून हाक आली, "लहानूभाऊ आहेत का?"

नाल्याच्या खालच्या अंगाला मासेमार ढिवरांची वस्ती होती. तिथला मनसाराम आला होता. बोडीत मासोळी धरायची आणि दोन-तीन बांध्या करायच्या, असं त्याचं चाले. त्याच्या खांद्यावर नवी सब्बल होती, टोक अजून चकचकीत.

"पाट बंद केला म्हने तुमी," मनसाराम म्हणाला. "मंग ते पानी आमच्याकडेच येऊन राह्यलं आता. नाला बाराही महिने भरून चालते. आमची बोडी तं पुरी आटली, मासोळीबी गेली, धानबी गेलं. आमी दहा घरं जमून खोदाचं ठरवलं. उतार कसा धराचा, तेवढं दाखवा, भाऊ. तुमच्यासारखं कोनाले जमत नाई."

गिरजाबाईचा हात चिखलातच थांबला. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर एक क्षणभर जुना ताठा येऊन गेल्यासारखं तिला वाटलं, मग तो चेहरा फारच म्हातारा दिसला. राजदीपचं बोलणं दोघांच्याही कानात होतं. लहानूनं एवढंच म्हटलं असतं, की आता होत नाही माझ्यानं, मनसाराम, कंबर दुखते. तरी पुरलं असतं.

लहानूनं हातातली पेंढी तिच्या हातात दिली.

"चाल," तो मनसारामला म्हणाला. "सब्बल राहू दे इथीच. तुह्या घरच्याइसंग बोलतो."

जाताना तो पडीत बांधीत उतरला. कडेला मेलेल्या वाफ्यातून त्यानं मूठभर रोपं घेतली आणि दुपट्ट्यात बांधली. गिरजाबाईनं त्याला अडवलं नाही. रिनाचा विचार मनात आला, तरी अडवलं नाही. उरलेली बांधी तिनं एकटीनं रोवली. रांगा सरळ होत्या, पण पाठीचा मणका जागच्या जागी राहिला नव्हता. उठताना तिला दोन्ही हात गुडघ्यांवर टेकावे लागले.

दिवस कलताना तो परत आला. मनसाराम सोबत नव्हता. त्याचा पोरगा पळत येऊन धुऱ्यावरची सब्बल घेऊन गेला. लहानू घराच्या दगडावर बसला. दुपट्टा रिकामा होता.

"सांगतलं?" तिनं विचारलं.

"सांगतलं. मुळ्या दाखवल्या. वारलूचा कोना सांगतला. दोनी घमेल्याचं सांगतलं. राजाचं नाव नाई घेतलं."

"काय म्हनले?"

लहानूनं पायांकडं पाहिलं. पोटऱ्यांवरचा चिखल सुकून तडकला होता.

"म्हनले, दोन सालं तुमी खाल्लं तेव्हा पानी गोड होतं. आमची पाळी आली तं जहर झालं."

 आत रिनानं दिवा लावला होता. गिरजाबाई तांब्या घेऊन त्याच्यासमोर बसली आणि त्याच्या पायांवर पाणी ओतू लागली. चिखल हळूहळू सुटला.

"मंग?"

"मंग काय," लहानू म्हणाला. "खोदून राह्यले."